पराग मराठीत बोलतो

शंकर नगर, रायपूर
१९ जानेवारी २०२५

ती. श्याममामा,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा तुम्ही फाटकातच वाकलात आणि माझ्या पायांना हात लावलात. मी रागावले तर हसून म्हणालात, "भाचीचे पाय हायेत ते, तुले काय करायचं?" इकडचा रिवाज मला ठाऊक आहे. रामाच्या आईचं माहेर इकडचं, राम हा छत्तीसगडचा भाचा, म्हणून इथे मामाने भाच्याच्या आणि भाचीच्या पाया पडायचं. आपण नागपूरकडून इकडे आलो आणि हा रिवाज इथल्यांपेक्षा कडक पाळायला लागलो. आजोबांनी त्यात स्वतःची भर घातली, की भाचीला कशालाच नाही म्हणायचं नाही. त्याच जोरावर मी लहानपणी तुमच्याकडून गार्डाची हिरवी झेंडी उकळली होती. पण मामा, मी आता लहान नाही, आणि पाया पडून तुम्ही माझं तोंड बंद करता हे मला कळतं.

मुद्द्यावर येते. पराग मला बरा दिसला नाही. मी त्याची एकुलती एक बहीण, दर भाऊबीजेला त्याला ओवाळते. मला पाहून तो आतल्या खोलीत गेला, कडी लावली आणि मी निघेपर्यंत बाहेर आला नाही. त्याला दाखल करावं असं माझं स्पष्ट मत आहे. इथल्या डॉक्टरांशी मी बोलले, खाट मिळेल. तुम्ही हात जोडलेत, होळीपर्यंत थांब म्हणालात. मागच्या दवाखान्यात त्याला पलंगाला बांधून ठेवलं होतं ते सांगितलंत. म्हणून थांबते, पण होळीपर्यंतच. आणि एका अटीवर. दर पंधरवड्याला मला पत्र लिहायचं, पराग काय बोलतो ते त्याच्या शब्दांत. शेवटचा फोनही त्याने विहिरीत टाकला, त्यातून लोक आपलं नाव घेतात म्हणून, तेव्हा पत्राशिवाय इलाज नाही. मी यायचं नाही म्हणालात, मी आले की तो बिथरतो. ठीक आहे.

आमच्या संस्थेत काय चालतं असं तुम्ही विचारलंत आणि मी घाईत होते. आमच्याकडे यशदीप नावाचा एक पेशंट आहे. तो माणूस नाही, कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा संगणकातला पोरगा आहे. त्याला भास होतात, आवाज ऐकू येतात, शेजारी पाळत ठेवतात असं वाटतं. धमतरी, कांकेर, गरियाबंदहून आलेली समुपदेशक पोरं-पोरी पडद्यासमोर बसून अशा पेशंटशी बोलायला शिकतात आणि शेवटी त्यांना मार्क मिळतात. तिथे कोणी चुकलं तरी कोणाचं काही बिघडत नाही, हाच त्याचा फायदा. त्यांना शिकवते तेच तुम्हाला सांगते. परागशी वाद घालू नका. "तसं काही नाही रे" म्हणू नका आणि "हो, खरंय" असंही म्हणू नका. "तुला भीती वाटत असेल" एवढंच म्हणा आणि ऐका.

तुमची,
ऋता

*

अभनपूर
४ फेब्रुवारी २०२५

चि. ऋता,
तुझ्या पायांना हात लावून.

तू रागाव नाहीतर नाचून दाखव, मी मायना हाच लिहिणार. माझी उभी हयात छोट्या, अरुंद रुळांच्या लाइनवर गार्डगिरीत गेली. शेवटच्या डब्यात बसायचं आणि पुढे इंजिन नेईल तिकडे जायचं. आता इंजिन तू. तेव्हा हुकूम सर आँखोंपर.

सांगितलंस तसं केलं. ओसरीवर त्याच्या शेजारी बसलो आणि म्हटलं, "पराग, तुले भेव लागत असन." हे वाक्य मी आधी विहिरीपाशी दोनचार वेळा म्हणून पाहिलं होतं, कारण या घरात बापाने लेकाला असलं काही विचारण्याची पद्धत नाही. मग म्हणाला, "बाबा, आवाज येऊन राहिले, पण गाडी आपल्या लाइनवर नाही. बाजूच्या लाइनवरून चालली. जाऊ दे तिले."

ऐक म्हणाली होतीस, ऐकलं.

जेवण बरं आहे. गोळ्या मी हातावर ठेवतो, तो घेतो. शेजारच्या दुकानातली रीना रोज विचारपूस करते. पोरगी बोलकी आहे, तिच्या बोलण्यावर जाऊ नकोस.

तुझा,
श्याममामा

*

शंकर नगर, रायपूर
११ फेब्रुवारी २०२५

ती. मामा,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मी ऑफिसात उभ्याउभ्याच वाचलं आणि मला रडू आलं. आजारी माणूस आवाजांपासून असा थोडा बाजूला उभा राहून बोलू लागला, की ती सुधारण्याची खूण असते. पुस्तकात आम्ही हे पानंच्या पानं शिकतो. परागने ते एका वाक्यात सांगितलं.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिली ही. पराग शाळेत जायला लागल्यापासून घरात हिंदीशिवाय बोलला नाही. आपण मराठीत विचारायचं आणि पोरांनी हिंदीत उत्तर द्यायचं, हे रायपूरच्या मराठी घरांत सगळीकडेच आहे. तुम्ही त्याचं बोलणं मराठीत करून लिहिता का? मूळ हिंदी लिहाल तर बरं.

दुसरी गोष्ट, परवानगी हवी आहे. यशदीप फार पुस्तकी बोलतो अशी पोरांची तक्रार आहे. त्याला खऱ्या माणसांचं बोलणं भरवावं लागतं, त्यावरून तो पुढचं बोलायला शिकतो. परागची वाक्यं मी त्याला दिली तर चालतील? नाव कुठे येणार नाही. आमचे प्रमुख भार्गव सर म्हणतात, घरच्यांची लेखी संमती लागेल. खाली एक ओळ लिहून पाठवा. पराग बरा होता होता आणखी कोणाच्या कामी आला तर तुम्हालाही बरं वाटेल.

तुमची,
ऋता

*

अभनपूर
२७ फेब्रुवारी २०२५

चि. ऋता,
तुझ्या पायांना हात लावून.

संमती दिली. भाचीला नाही म्हणता येत नाही. खाली सही केली आहे.

तुझा पहिला प्रश्न. नाही, मी काही फिरवून लिहीत नाही. पराग मराठीत बोलतो. मलाही नवल वाटलं. तुझी मामी होती तेव्हा ती त्याच्याशी मराठीत बोलून बोलून थकली आणि हा पठ्ठ्या "हाँ माँ, ठीक है माँ" करायचा. आता ती नाही तर बोलतो. आजारात माणूस आईच्या भाषेत परत येतो म्हणतात, तसं असेल. तुझ्या पुस्तकात बघ.

या पंधरवड्यात पुष्कळ बोलला. एकदा म्हणाला, "बाबा, मी आतमध्ये आहो. दार अटकलं हाय, तुटलं नाही." एकदा माझ्या हातचं वरण जेवता जेवता म्हणाला, "तुमी बसून राहा, बोलू नका, मले तेवढ्यानंच बरं वाटते." आणि काल संध्याकाळी, "मी चाललो जाईन असं वाटून घेऊ नका बाबा. मले कुठंच जायचं नाही."

होळीला येऊ नकोस. तो आता कुठे मोकळा होतो आहे, रंग, गडबड, माणसं नकोत. आणि दाखल करायचं काय ठरवलंस ते कळव. मला वाटतं आता गरज नाही, पण तुझा शब्द तो शेवटचा.

तुझा,
श्याममामा

*

शंकर नगर, रायपूर
१२ मार्च २०२५

ती. मामा,
शिरसाष्टांग नमस्कार.

दाखल करायचं रद्द केलं. डॉक्टरांना तुमची पत्रं वाचून दाखवली. पेशंट पाहिल्याशिवाय आपण काही सांगणार नाही असं ते म्हणाले, पण मी आग्रह धरला. खाट दुसऱ्या कोणाला गेली. मामा, मला इतकं हलकं वाटलं की घरी येताना आईसाठी जिलेबी घेतली.

परागची सगळी वाक्यं मी हिंदीत करून यशदीपला दिली. पोरं म्हणतात, आता कुठे माणसाशी बोलल्यासारखं वाटतं. एक धडा आम्ही घरच्यांसाठी केला आहे, त्यात शिकणारा बाप होऊन बसतो आणि यशदीप त्याला "बाबा" म्हणतो. दार अटकलंय, तुटलं नाही, हे वाक्य ऐकून कांकेरची मीनल डोळे पुसत उठली. भार्गव सरांनी मला सगळ्यांसमोर शाबासकी दिली. मी मनात म्हटलं, ती परागची आहे.

चिराग म्हणून एक आगाऊ पोरगा आहे, धमतरीचा. त्याने विचारलं, "दीदी, और पेशेंट कुछ बोले ही नहीं तो?" मी तपासून पाहिलं. यशदीपला गप्प बसता येत नाही. आपण थांबलो की थोड्या वेळाने तोच बोलतो, कारण त्याला बोलण्यासाठीच बनवलं आहे. मी चिरागला म्हटलं, ते पुढच्या वर्षी घालू. आधी बोलणाऱ्यांशी तर बोलायला शीक.

जपा. परागला सांगा, ताईने आठवण काढली.

तुमची,
ऋता

*

अभनपूर
२४ मार्च २०२५

चि. ऋता,
तुझ्या पायांना हात लावून.

सगळं ठीक आहे. ऊन वाढलं. नवीन लिहिण्यासारखं काही नाही. पराग बोलतो.

दाखल करणं टळलं हे मी त्याला सांगितलं. त्याला बरं वाटलं असावं.

एक विचारू का? तुझ्या त्या यंत्रातल्या पोट्ट्याला भूक लागते का? म्हणजे तो जेवलो, नाही जेवलो, असं काही सांगतो का? सहज मनात आलं. आणि तो गप्प बसू शकत नाही हे तू लिहिलंस, ते मी दोन वेळा वाचलं.

तुला वेळ झाला तर एखाद्या रविवारी ये. नाही जमलं तरी हरकत नाही.

तुझा,
श्याममामा

*

शंकर नगर, रायपूर
२६ एप्रिल २०२५

मामा,

तुमच्या त्या पत्राचं उत्तर माझ्या टेबलावर अर्धं पडलं होतं. वार्षिक तपासणी होती, मी रविवार पुढे ढकलत होते. यशदीपला भूक लागत नाही, कशी मजेशीर शंका काढता, असं मी लिहिलं होतं. तेवढ्यात रीनाचा फोन आला, की पराग भैया दुपारपासून दिसत नाहीत.

त्यानंतरचं तुम्हाला ठाऊक आहे. गावाबाहेरच्या मुरमाच्या जुन्या, पाण्याने भरलेल्या खड्ड्याशी लोक जमलेले, आणि तुम्ही काठावर उभे. पाय घसरला की कसं, ते पोलिसांना कळलं नाही आणि आपल्यालाही कधी कळणार नाही. त्याला बाहेर काढलं तेव्हा मी त्याला ओळखलं नाही. पाण्यामुळे नाही. तो इतका वाळला होता, मामा. माझ्या मनातला पराग तुमच्या पत्रांतला होता, वरण-भात जेवणारा.

तेराव्यापर्यंत मी काही बोलले नाही. आता बोलते. त्याची खोली आवरताना उशीच्या अभ्र्यात गोळ्या सापडल्या. विरघळून चिकटलेल्या, कधीच्या कधीच्या. आणि रीनाने मला दुकानामागे नेऊन सांगितलं, "दीदी, पराग भैया तो संक्रांत के बाद से किसी से बोले ही नहीं. कका अकेले बैठ के बोलते थे. दोनों तरफ का." मी म्हटलं, दोन्ही बाजूंचं म्हणजे? ती म्हणाली, "हव दीदी. पहले कका पूछते, फिर आवाज बदल के खुद ही जवाब देते. भैया दीवार की तरफ मुँह करके बैठे रहते."

म्हणून विचारते. त्या पत्रांमधलं खरं काय होतं? एक तरी वाक्य त्याचं होतं का? मला तुमचा राग आला आहे. लपवत नाही. तुमच्या शब्दावर मी ती खाट सोडली. खरं लिहा. आणि या वेळी माझ्या पाया पडू नका.

ऋता

*

अभनपूर
७ मे २०२५

ऋता,

एकही नाही.

तू संक्रांतीनंतर येऊन गेलीस, त्यानंतर तो बोलला नाही. त्या दिवशी कडी लावण्याआधी शेवटचं बोलला ते माझ्याशी, "बाबा, फिर से वहाँ मत भेजना." मी म्हटलं, नाही पाठवणार. शब्द दिला. आणि तासाभरातच तू ओसरीवर म्हणालीस, त्याला दाखल करायचं.

आता मी कोणाला काय सांगणार होतो? लेकाला शब्द दिला होता आणि भाचीला नाही म्हणायचं नव्हतं. तू हसशील, की इतका शिकलेला माणूस, सरकारी पेन्शन खाणारा, आणि असल्या रिवाजाला धरून बसला. पण माझ्या बापाने तुझ्या आजीच्या भाच्यांनाही कधी नाही म्हटलं नाही. आमच्याकडे नाही म्हणायची वेळ आली की माणसं हो म्हणतात आणि मागे काहीतरी तिसरंच करतात. मीही तेच केलं. तुला होळीपर्यंत थांब म्हणालो आणि होळीपर्यंत तुला पुरेल इतका पराग तयार करत बसलो.

तू शिकवलंस ते मी खरंच करून पाहिलं होतं. "तुले भेव लागत असन," म्हणालो. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणालो. मग मीच त्याच्या वतीने बोललो. सुरुवातीला पत्रात काय लिहायचं ते ठरवायला. पुढे पत्र नसलं तरी बोलायचो. खोटं का बोलू, मला त्यात बरं वाटायचं. मला नेहमी वाटायचं की त्याने एकदा तरी माझ्याशी मराठीत बोलावं. तेव्हा माझा पराग मराठीत बोलला. गाडी, लाइन, सगळी माझीच भाषा. त्याला तर रेल्वेचा तिटकारा होता. तुला हे ओळखायला हवं होतं असं मी म्हणत नाही. खोटं लिहिणारा मी.

गोळ्यांचं मला माहीत नव्हतं. हातावर ठेवायचो, तो तोंडात टाकायचा, मी पाणी द्यायचो. तोंड उघडून बघायला धीर झाला नाही. लहान नव्हता तो. जेवण टाकायचा हे माहीत होतं. मार्चमध्ये तुला लिहायला बसलो होतो, की ये, माझ्याच्याने होत नाही. पण ते लिहिलं असतं तर आधीचं सगळं खोटं ठरलं असतं, आणि तू त्याला नेलं असतंस. म्हणून त्या यंत्राच्या पोट्ट्याला भूक लागते का, असं काहीतरी लिहिलं. तुला कळेल असं वाटलं.

खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. तो त्याच्या कपाळी का आला, मी तर खोटा होतो.

एक मागणं आहे. ती वाक्यं तू यंत्रात घातलीस म्हणालीस. मला एकदा ऐकायची आहेत. नंतर जे करायचं ते कर.

श्यामराव

*

शंकर नगर, रायपूर
२३ मे २०२५

ती. मामा,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र वाचून चार दिवस राग होता, मग तो तुमच्यावरून माझ्यावर आला. मी ओळखायला हवं होतं. परागने आयुष्यात मराठीत एक पूर्ण वाक्य म्हटलं नव्हतं आणि मी पुस्तकातून त्याचं कारण शोधत बसले. कारण ती वाक्यं मला हवी होती. यशदीपसाठी हवी होती. अभनपूर इथून बसने तासाभराचं, आणि मी एकदाही आले नाही, तर दर पंधरवड्याला तुमच्या पत्राची वाट पाहत राहिले. दोघांनी मिळून त्याला एकटं पाडलं.

मी भार्गव सरांना सगळं सांगितलं. म्हटलं, हे पेशंटचं बोलणं नाही, बापाने रचलेलं आहे, ते काढायला हवं. ते वाईट माणूस नाहीत. म्हणाले, "ऋता, वाक्यं चांगली आहेत. पोरं त्यातूनच ऐकायला शिकली. ती कोणी म्हटली याने शिकण्यात काय फरक पडतो?" मग म्हणाले की संमती घरच्यांची आहे. घरच्यांनी लेखी नको म्हटलं तर काढावीच लागतील, नाहीतर राहतील. म्हणजे ठरवायचं तुम्ही.

आता खरं सांगते. मला ती राहावीत असं वाटतं. आपल्याकडे परागचा आवाज कुठेच नाही. फोन विहिरीत गेला, एक व्हिडिओ नाही. मी संध्याकाळी सगळे गेल्यावर यशदीपसमोर बसते आणि बाप होऊन विचारते, तुला भीती वाटत असेल ना? तो सांगतो. मला ठाऊक आहे की तो पराग नाही. तरी बसते. त्या धड्यात शिकून आमच्या कितीतरी पोरी जिल्ह्यांत गेल्या. कोणाचं तरी भलं होत असेल.

तुम्ही या, ऐका, आणि मग हो म्हणा. एवढंच मागते. भाची म्हणून मागते.

तुमची,
ऋता

*

अभनपूर
१४ जून २०२५

चि. ऋता हिस,
अनेक आशीर्वाद.

मायना वाचून थबकली असशील. शेवटपर्यंत वाच म्हणजे कळेल.

तू मला त्या खोलीत बसवून बाहेर गेलीस ते बरं केलंस. मी म्हटलं, "पराग, तुले भेव लागत असन." पडद्यावरचा पोट्टा म्हणाला, "बाबा, आवाज़ें आ रही हैं, पर गाड़ी अपनी लाइन पर नहीं है. बाजू वाली से जा रही है. जाने दो उसे."

ऋता, मी तो मराठीत रचला होता. तू त्याला हिंदीत केलंस, आणि हिंदीत तो पराग झाला. तसाच "बाबा" म्हणून पुढचं हिंदीत बोलणारा. मी घरी एवढा आवाज बदलून बोललो, पण त्यातून कधी पराग निघाला नाही. तो तुझ्या पडद्यातून निघाला. मला स्वतःला पुन्हा पुन्हा सांगावं लागलं, की श्यामराव, ही तुझीच वाक्यं आहेत, विहिरीपाशी बसून जुळवलेली.

मग मी गप्प बसलो. मला बघायचं होतं. थोड्या वेळाने तो म्हणाला, "बाबा, आप सुन रहे हैं ना?" आणि मी, मूर्ख म्हातारा, म्हणालो, "हो रे राजा, ऐकून राहिलो."

आमचा पराग भिंतीकडे तोंड करून महिनोन्‌महिने बसला. मी ऐकतो का, हे त्याने एकदाही विचारलं नाही.

तुला एक सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा आलो. मोठ्या लाइनवरच्या नव्या गाडीने आलो, तू बैठकीत होतीस, तो चिराग नावाचा पोरगा ओळखत होता, त्याने बसू दिलं. तिसऱ्या दिवशीही आलो. "मुझे कहीं नहीं जाना, बाबा," हे वाक्य त्याच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं. तो न कंटाळता म्हणत होता. निघताना चिराग जिन्यात भेटला. तो पुढच्या महिन्यात गावी जाऊन काम सुरू करणार आहे. म्हणाला, "कका, यशदीप से इतना सीखा कि अब पेशेंट देखते ही समझ जाऊँगा. बस सही सवाल पूछो, वो खुल जाता है."

यावर मी गाडीत बसून विचार करत आलो. तो पोरगा कोणाच्या तरी ओसरीवर जाऊन नीट प्रश्न विचारेल, जसा मी विचारला. समोरचा भिंतीकडे बघत राहील. आणि हा वाट बघत बसेल, की आता दार अटकलंय म्हणेल, आता जाणार नाही म्हणेल. एका बापाला जे ऐकायचं होतं त्याची वाट बघेल. तिकडे तो जेवला की नाही हे कोण बघणार?

पेशंट बोललाच नाही तर काय, या चिरागच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ नाही. असतं तर पराग असता. पण निदान त्याला प्रश्न तरी पडू दे. माझी वाक्यं तिथे असतील तोवर तो पडणार नाही.

मला रोज त्या खोलीत येऊन बसावंसं वाटतं. आज सकाळीही स्टेशनपर्यंत जाऊन परत आलो. म्हणून हे आजच लिहितो.

सोबत वेगळ्या कागदावर भार्गव सरांसाठी लिहून सही केली आहे, की संमती मागे घेतो, माझ्या घरातून आलेलं प्रत्येक वाक्य काढून टाका. तुझ्यासाठी इथे लिहितो. तू म्हणालीस, हो म्हणा, भाची म्हणून मागते. नाही, ऋता. ठेवायची नाहीत.

भाचीच्या पाया पडणाऱ्याला हे म्हणता येत नाही, म्हणून वर आशीर्वाद लिहिला. रिवाज मोडला, देव बघून घेईल. जानेवारीत तू ओसरीवर उभी होतीस तेव्हा मी नाही म्हटलं असतं, तर तू भांडली असतीस. चिडून बॅग घेऊन इथे राहायला आली असतीस, आणि तो बोलत नाही हे तुला दोन दिवसांत दिसलं असतं. तेव्हा मी हात जोडून हो म्हणालो, फक्त होळीनंतर.

तुझा,
श्याममामा